नोंदीतलं नाव

रविवारी दुपारी दीड वाजता सूनबाई वॉर्डातून परस्पर सासऱ्यांच्या क्वार्टरवर आली, तेव्हा टेबलावर पाच ताटं मांडलेली होती आणि कुणीही घास घेतला नव्हता. सगळे तिच्यासाठी खोळंबले होते. खोळंबण्याचं कारण जेवण नव्हतं, हे तिला चपला काढता काढताच कळलं.

"आधी हात धू आणि दोन घास खा," सासूबाई म्हणाल्या. "कागद कुठे पळून जात नाही."

सासूबाई म्हणजे मेट्रन. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हॉस्पिटलच्या त्या क्वार्टर्समध्ये त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. त्या स्वतः नवऱ्याला 'सर' म्हणत. वॉर्डातली सवय होती, बत्तीस वर्षांच्या संसारातही सुटली नाही. सूनही सासऱ्यांना सरच म्हणे, कारण ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती आणि सून नंतर झाली. त्यामुळे या घरात जेवताना पुष्कळदा राउंड चालू असल्यासारखं वाटे.

सूनबाई शुक्रवारी सकाळपासून ड्यूटीवर होती. मधे चारेक तास तिनं ड्रेसिंगच्या खोलीतल्या बाकावर काढले होते. ती बसली, पाणी प्यायली आणि समोरचा कागद ओढून वाचायला लागली.

डीनच्या ऑफिसातून आलेला मसुदा होता. एकच पान. विभागप्रमुख संपूर्ण शस्त्रक्रियेच्या वेळी जातीनं उपस्थित होते, झालेली गुंतागुंत आजाराच्या स्वरूपामुळे उद्भवली, वगैरे. खाली दोन सह्यांना जागा सोडलेली. एक सरांची, एक तिची. चौकशी समिती उद्या सकाळी दहाला बसणार होती.

"हे खरं नाहीये," ती म्हणाली.

"ते आम्हालाही माहीत आहे," तिचा नवरा म्हणाला. "म्हणून तर बसलोय सगळे उपाशी."

खरं काय होतं, ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पाठ झालं होतं. पाच आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी पित्ताशय काढायचं ऑपरेशन होतं. बाई बेचाळीस वर्षांची, घरी शिवणकाम करणारी. नवरा वायरमन. पित्ताशय जुन्या सुजेनं आजूबाजूला चिकटून बसलेलं. सर शेजारी उभे राहणार होते, पण त्याच सकाळी कॉलेजच्या जागा वाढवण्यासाठी तपासणी पथक आलं आणि डीननं सरांना बोलावून घेतलं. "तू सुरू कर, मी आलोच," असं सांगून सर गेले. पाऊण तासानं सूनबाईनं सिस्टरला कानाशी फोन धरायला लावला. "सर, नळ्या नीट ओळखू येत नाहीयेत. थांबू का?" "पोट उघडं ठेवून थांबणार किती? सावकाश कर. दहा मिनिटांत येतो." सर आले ते पन्नास मिनिटांनी. तोवर तिनं एक नळी बांधून कापली होती. ती चुकीची होती हे चौथ्या दिवशी, बाईचे डोळे पिवळे झाले तेव्हा कळलं. दुसरं ऑपरेशन सरांनी स्वतः केलं. अकराव्या दिवशी बाई गेली.

ऑपरेशनच्या नोंदीत मात्र लिहिलं होतं: सर्जन म्हणून सर, मदतनीस म्हणून सूनबाई. अक्षर तिचंच होतं. यात लपवाछपवी अशी नव्हती. विभागात वर्षानुवर्षं असंच लिहीत. सर इमारतीत असले की ते टेबलापाशी आहेत असं धरायचं.

"तू सही करू नकोस," चिरंजीव म्हणाला. तिच्या नवऱ्याला सर कौतुकानं चिरंजीव म्हणत, आणि त्यानं सर्जरी सोडून त्वचारोग घेतल्यापासून त्याच शब्दाला थोडी धार आली होती. "नीट बघ. आज म्हणायचं बाबा तिथं होते. उद्या समिती विचारेल, ते होते तर हिनं कापलं कसं? मग काय सांगणार? हिनं ऐकलं नाही असं?"

"मी असं सांगेन असं तुला वाटतं?" सरांनी विचारलं.

"तुम्ही कधी काय सांगाल हे मला कळायला तुम्ही घरी होतात कधी बाबा?"

"हे बोलायची ही वेळ नाही," मेट्रन म्हणाल्या. पण त्यांनी मुलाला खोडून काढलं नाही.

आता सगळ्यांनी सरांच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. हा त्याच कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवायचा. विद्यार्थ्यांना घेऊन वस्त्यांमधून फिरायचा, नळाचं पाणी तपासायचा, म्हणून घरात त्याचं नाव क्लोरीनकाका. सरांना आयुष्यभर तोंडावर खरं ऐकवलं असेल तर त्यानंच. वडील याच हॉस्पिटलात कंपाउंडर होते हे मोठा भाऊ भाषणात सांगायचा आणि धाकटा त्याला घरात त्याची आठवण करून द्यायचा, असं मेट्रन गमतीनं म्हणत.

क्लोरीनकाकानं ताट थोडं बाजूला सारलं.

"सह्या करा दोघांनी," तो म्हणाला.

कुणालाच हे अपेक्षित नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही म्हणताय हे?" मेट्रननी विचारलं.

"मीच म्हणतोय वहिनी. मला काय गोड लागतंय का ते? पण उद्या बाहेर पडलं की इथं शिकाऊ डॉक्टर एकटे कापतात, की परवा सर्जरी बंद. चौकशी संपेपर्यंत बंद. फुकट ऑपरेशन करणारा दुसरा वॉर्ड कुठे आहे, सांगा. माझ्याकडे दोनशे नावांची यादी आहे. हर्निया घेऊन ओझी उचलणारी माणसं आहेत त्यात. ती कुणाच्या दारात जातील? गेलेली बाई परत येणार नाही. ही दोनशे अजून आहेत."

"काका," सूनबाई म्हणाली, "त्या दोनशेंवर ऑपरेशन कोण करणार?"

"तूच करशील. तुझ्याबरोबरची मुलं करतील."

"शेजारी कोण असणार?"

क्लोरीनकाकानं बोटानं मिठाचे दोन-चार कण गोळा केले आणि ताटाच्या कडेला ठेवले.

"तो वायरमन रोज यायचा," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज इतका दमलेला होता की त्यात राग कुठे आहे ते शोधावं लागलं असतं. "बाई आत असताना आणि गेल्यावरही. एकच विचारायचा, ऑपरेशन कुणी केलं. मी सांगायची, आमच्या युनिटनं. तो म्हणायचा, युनिट म्हणजे कोण? मी म्हणायची, आम्ही सगळे. मग तो मान हलवून जायचा. दुसऱ्या दिवशी परत हजर."

तिनं मसुद्याची घडी घालून तो सरांच्या ताटाशेजारी ठेवला. सही करते म्हणाली नाही, करत नाही असंही म्हणाली नाही. "मी जरा पडते," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन, अंगावरचा एप्रनही न काढता झोपली.

*

चारच्या सुमाराला घर शांत झालं. क्लोरीनकाका अर्धवट जेवून गेला होता. चिरंजीव बायकोच्या उशाशी खुर्ची टाकून बसला होता. मेट्रन ताटं घासायला टाकून स्वयंपाकघरात आल्या तर सर बेसिनपाशी हात धूत उभे होते. कोपरापर्यंत साबण. घरातसुद्धा ते असेच हात धूत, पण आज पाणी बराच वेळ वाहत होतं.

त्यांनी नळ बंद केला.

"मी सही करणार आहे," सर म्हणाले. "तिला वाचवायचं असेल तर दुसरा रस्ता नाही. मी तिथं होतो म्हटलं की जबाबदारी माझी. मी नव्हतो म्हटलं की एकट्या शिकाऊ पोरीनं कापलं असं होतं."

"तिला वाचवायला?"

"मग कुणाला?"

मेट्रननी टॉवेल दिला. मग स्टुलावर बसल्या. गुडघे दुखत होते, आणि जे बोलायचं ते उभ्यानं बोलण्यासारखं नव्हतं.

"लहान मुलांच्या वॉर्डातला तो मुलगा आठवतो तुम्हाला? अपेंडिक्सचा?"

सरांनी हात पुसायचे थांबवले.

आठवत होतं. तेहेतीस वर्षं झाली. मुलगा सकाळी सातला दाखल झाला, पोट फळीसारखं. ड्यूटीवरच्या डॉक्टरचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि तो लिननच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर झोपला होता. कुठे झोपलाय हे एकट्या स्टाफ नर्सला माहीत होतं. तिनं दोनदा दार उघडलं आणि दोनदा त्याचं तोंड बघून लोटून घेतलं. तिला दया आली. डॉक्टर दुपारी एकला उठून आला. मुलगा संध्याकाळी गेला. आणि नर्सनं रजिस्टरमध्ये लिहिलं, डॉक्टरांनी नऊ वाजता तपासलं.

"कुणी सांगितलं नव्हतं मला लिहायला," मेट्रन म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही फक्त ते वाचलंत आणि रजिस्टर मिटलंत. त्या मुलाच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं माझेच हात धरले, म्हणाली, तुम्ही सगळं केलंत."

"आता हे कशाला काढायचं?"

"पुढच्या वर्षी तुम्ही मला मागणी घातलीत. हॉस्पिटलभर चर्चा, डॉक्टरनं नर्सशी लग्न केलं. मला लोक नशीबवान म्हणाले." त्या थांबल्या. "त्या एका ओळीपायी केलंत का लग्न, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाहीये. कारण तुम्ही काहीही म्हणालात तरी मला पुरतं खरं वाटायचं नाही. चांगलं वागवलंत मला, तक्रार नाही. पण एकदा खोटं लिहिलं की असं होतं. पुढचं सगळं खरं असलं तरी त्याला तो डाग राहतो."

सर दाराच्या चौकटीला टेकले. एकसष्ट वर्षांचा माणूस, निवृत्तीला एक वर्ष उरलेला. त्यांना काही बोलायचं होतं, ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मेट्रनना दिसलं, आणि ते तिथंच थांबलं तेही दिसलं.

"मी माझ्यापुरतं निभावून नेलं," मेट्रन म्हणाल्या. "तिच्या पदरात हे घालू नका. ती तुमच्याकडून शिकतेय. ऑपरेशनच शिकतेय असं नाही."

*

सोमवारी साडेनऊला डीनच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर वायरमन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बायकोचे सगळे कागद. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर त्यानं रंगीत टेपचा तुकडा चिकटवला होता, वायरींना खुणा करतात तसा. रक्त तपासणीला लाल, औषधांच्या चिठ्ठ्यांना पिवळा.

सर कॉरिडॉरमधून आले. या कॉरिडॉरमधून चालताना समोरून येणारी माणसं आपोआप भिंतीला लागत, याची त्यांना इतकी सवय होती की आज पहिल्यांदाच त्यांच्या ते लक्षात आलं. खिशात मसुदा होता. सही अजून केली नव्हती. केली नव्हती हेही त्यांना रात्रभर पुरेसं वाटलं नव्हतं.

ते बाकावर बसले. वायरमन थोडा सरकला.

"तुम्ही मोठे डॉक्टर ना? कागदावर नाव आहे तुमचं."

"हो. ते नाव चुकीचं आहे," सर म्हणाले. "म्हणजे नाव माझंच. पण पहिल्या ऑपरेशनला मी तिथं नव्हतो."

वायरमननं पिशवीतून तो कागद काढून मांडीवर ठेवला.

"माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरनं केलं. ती माझी सूनही आहे, तेही सांगून ठेवतो. तिनं मला फोन करून विचारलं होतं की दिसत नाहीये, थांबू का. मी म्हणालो, कर. मी मीटिंगमध्ये होतो. मी थांब म्हणालो असतो आणि उठून आलो असतो तर बहुतेक हे झालं नसतं."

"किती लांब होती मीटिंग?"

"याच इमारतीत. इथंच, आत."

वायरमननं डीनच्या दाराकडे पाहिलं. मग ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. मनातल्या मनात पावलं मोजत असावा.

"नवा माणूस मी खांबावर चढवतो ना," तो म्हणाला, "तेव्हा मी खाली मेन स्विचपाशी उभा असतो. तो उतरेपर्यंत. साहेब आला तरी जागचा हलत नाही. त्यात काही मोठेपणा नाही, आमच्यात कुणालाही विचारा. तो शिकतोय म्हणजे मी उभं राहायचं."

"हो," सर म्हणाले.

"एवढं साधं आहे ते."

"हो."

शिपाई येऊन आतले पंखे लावून गेला.

"मी ओरडेन असं वाटलं असेल तुम्हाला," वायरमन म्हणाला. "ओरडायला आता जोर नाही राहिला. हे जे मला सांगितलंत ते आत सांगा. आणि एकदा घरी येऊन माझ्या मुलीला सांगा. मला तुमच्यातलं नीट सांगता यायचं नाही, आणि ती उलटे प्रश्न विचारते."

*

समिती दोन तास चालली. सरांनी जे सांगितलं तेच सूनबाईनं वेगळ्या खोलीत, त्यांच्याशी एक शब्दही न बोलता सांगितलं. महिन्याच्या आत सरांचं विभागप्रमुखपद गेलं. सूनबाईचं शिक्षण सहा महिन्यांनी लांबलं, आणि तेवढ्या काळात शिक्षक शेजारी असल्याशिवाय तिनं ब्लेड हातात घ्यायचं नाही असं ठरलं. यापुढे प्रत्यक्ष टेबलापाशी जो उभा असेल त्याचंच नाव लिहायचं, असा आदेश निघाला. काही जणांनी तो सूचना-फलकावर वाचून हसून घेतलं.

क्लोरीनकाकाचं भाकीतही खोटं ठरलं नाही. वॉर्डातली ऑपरेशनं पाच आठवडे बंद राहिली. त्याच्या यादीतल्या एका हमालाचा हर्निया त्या काळात अडकला, आणि लांबच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत तो वाटेतच गेला. काका एका संध्याकाळी येऊन हे सांगून गेला. कुणाला दोष दिला नाही. चहा घेतला, निम्मा ठेवला. तो गेल्यावर मेट्रन बराच वेळ तो कप उचलायला उठल्या नाहीत. "हेही आपल्याच नावावर," सर म्हणाले.

चिरंजीव अलीकडे रविवारी आई-वडिलांकडे येऊ लागला होता. फार बोलायचा नाही. वडिलांबरोबर बसून पेपर वाचायचा.

वायरमनकडे जायचं मात्र राहून गेलं होतं. आज ड्यूटी आहे, उद्या अंग मोडून आलंय, असं करता करता दीड महिना झाला. शेवटी सूनबाईनंच एका सकाळी सरांना फोन केला. "मी अकराला जाते आहे. तुम्ही येणार असाल तर या."

दोन खोल्या, दुसरा मजला. खिडकीपाशी शिवणयंत्र, त्यावर चादर घातलेली. शेजारच्या खुंटीला अर्धवट शिवलेले दोन झगे तसेच लटकत होते, गिऱ्हाइकांनी परत मागितले नसावेत. मुलगी चौदा वर्षांची. तिनं पाणी आणून दिलं आणि समोर मांडी घालून बसली. वायरमन दाराशी उभा राहिला.

सूनबाईनं कोरा कागद मागितला. त्यावर यकृत काढलं, पित्ताशय काढलं, दोन नळ्या काढल्या. कोणती कापायची होती आणि कोणती कापली ते दाखवलं. सुजेमुळे दोन्ही कशा एकमेकींना चिकटल्या होत्या ते सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "पण हे कारण नाही. ओळखू येत नसेल तर थांबायचं असतं. मी थांबले नाही."

"मी थांबू दिलं नाही," सर म्हणाले.

मुलगी कागदाकडे बघत होती. "आईला कळत होतं तेव्हा?"

"नाही. भूल दिलेली होती."

"मग चुकलं असं तुम्हाला कळल्यावर तिला सांगितलंत?"

सूनबाईनं मान हलवली. "नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही सांगितलं."

"ती तुमचं नाव काढायची," मुलगी म्हणाली. "म्हणायची, मोठे डॉक्टर येतात आणि जातात, पण ती छोटी डॉक्टर पलंगावर बसून बोलते. मला म्हणाली होती, तू तशी हो."

सूनबाईचे डोळे कोरडेच होते. तिला वाटलं होतं रडू येईल. त्याऐवजी आडवं होऊन वर्षभर झोपावं असं वाटत होतं.

"तुम्ही शिकत होतात ना?" मुलीनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग आता आलं का ते?"

सरांनी तोंड उघडलं, आणि हे उत्तर आपलं नाही हे लक्षात येऊन मिटलं.

"नाही," सूनबाई म्हणाली. "अजून नाही."

मुलीनं आकृतीचा कागद उचलला, एकदा नीट पाहिला आणि तिच्याकडे परत सरकवला.

"मग हा तुम्हालाच लागेल," ती म्हणाली.